पुढच्या पिढीच्या बागांसाठी आज जमीन घ्यावी का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या हद्दीत नवी गावं आली आहेत. तिथे अजून बऱ्यापैकी शेती शिल्लक आहे आणि पुढे होणाऱ्या उद्यानांसाठी तिथल्या जमिनी आत्ताच घेण्याचा महापालिकेचा विचार चालू आहे. बाग उभी करायला पुढची कित्येक वर्षं पैसे नसतील, हे प्रशासन स्वतःच सांगतं. जुन्या बागांमध्ये दिवे नाहीत, झाडांना पाणी नाही. अशा वेळी मोकळी रानं विकत घेऊन ठेवणं ही उधळपट्टी नाही का? विकास आराखड्यात आरक्षण टाकलेलं आहेच, तेवढं पुरे नाही का?

माझी बहुतेक नोकरी नगररचना आणि भूसंपादनाच्या कामात गेली. त्या अनुभवावरून सांगतो: जमीन आत्ताच घ्यावी, आणि नुसतं आरक्षण पुरेसं नाही. आधी आरक्षणाबद्दल बोलतो, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे.

आराखड्याच्या नकाशावर एखादा गट हिरव्या रंगात दाखवला म्हणून तो शहराचा होत नाही. सातबारा मालकाच्याच नावावर राहतो आणि जमीन कसतोही तोच. आरक्षणाच्या हेतूला बाध येईल असं बांधकाम त्याला करता येत नाही, एवढाच काय तो फरक पडतो. हे बंधनही कायमचं नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला खरेदी सूचना देऊ शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते याही जमिनीवर बांधता येतं. पूर्वी ही मुदत ६ महिन्यांची होती, पुढे १२ झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने झाली.

मुदत वाढली म्हणून परिणाम फारसा बदललेला नाही. ‘पावलं उचलली’ म्हणजे नेमकं काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं आहे. महासभेचा ठराव झाला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव गेला, एवढ्याने भागत नाही; संपादनाची रीतसर घोषणा होण्यापर्यंत काम गेलेलं असावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं? सूचना आवक विभागात येते, तिथून मालमत्ता विभागात, मग नगररचनेत, मग विधी सल्लागारांच्या अभिप्रायासाठी जाते. मुदतीची तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर कुणी लिहून ठेवत नाही. अखेरच्या काही महिन्यांत पैशाची शोधाशोध सुरू होते आणि अंदाजपत्रकात तर भूसंपादनाची तरतूद आधीच रस्त्यांकडे वळवलेली असते. उद्यानाची आरक्षणं अशी एकेक करून जातात. कुणी मुद्दाम घालवत नाही, पण वेळेत सांभाळणारंही कुणी नसतं. रस्त्याची जागा अडली की लोक आरडाओरडा करतात. बागेची जागा गेली, हे तिथे इमारत उभी राहिल्यावरच कळतं.

आता किमतीकडे येऊ. आधी बाग करायची ऐपत येऊ दे, मग जमीन घेऊ, असं म्हणणाऱ्यांनी संपादनाचा मोबदला कसा ठरतो ते एकदा समजून घ्यावं. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार बाजारमूल्य काढताना मुद्रांक शुल्कासाठीचा दर बघतात, आणि आधीच्या ३ वर्षांत आसपास नोंदलेल्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरीही काढतात. ही सरासरी सगळ्या दस्तांची नसते, जास्त किमतीच्या वरच्या निम्म्या दस्तांची असते. जो आकडा मोठा तो धरला जातो. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते, म्हणजे शहरी भागात बाजारभावाच्या दुप्पट. ग्रामीण भागात आधी २ पर्यंतचा गुणक लागतो, त्यामुळे मोबदला चौपटीपर्यंत जाऊ शकतो.

हे शेतकऱ्याच्या दृष्टीने न्याय्य आहे, आणि ते तसंच असावं. मात्र शहराने त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: जमिनीचा भाव बहुतेक वेळा महापालिकेच्या स्वतःच्या निर्णयांनी वाढतो. विकास आराखड्यातला रस्ता जाहीर झाला, जलवाहिनीचं काम सुरू झालं, शेती विभागातली जमीन रहिवासी विभागात आली, की आसपासचे व्यवहार वरच्या भावाने नोंदले जाऊ लागतात. गुंठेवारीच्या दोन-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांचे दस्त त्यात शिरले की सलग शेताच्या मोबदल्याचा वादही त्याच दरावर सुरू होतो. रस्ता महापालिकेच्या पैशाने झाला, त्याने भाव वाढला, आणि आता त्या वाढलेल्या भावाने महापालिकेलाच बागेची जमीन घ्यायची आहे, असं चक्र मी अनेक गावांत बघितलं आहे. म्हणून क्रम उलटा लावावा लागतो. हद्दवाढीची अधिसूचना निघाली की सर्वांत आधी मोठ्या उद्यानांच्या जागा हेराव्यात आणि खरेदीची बोलणी करावीत. रस्ते आणि पाणी त्यानंतर. पुण्यात २०१७ साली ११ गावं आणि २०२१ साली आणखी २३ गावं हद्दीत आली. अशा प्रत्येक हद्दवाढीनंतरची सुरुवातीची थोडीच वर्षं या कामाची असतात. एकदा प्लॉटिंग सुरू झालं की सलग दहा एकर कुठल्याही भावाला मिळत नाहीत, कारण ते अस्तित्वातच उरत नाहीत. मोबदल्याच्या वादात न बोलली जाणारी खरी अडचण हीच आहे. पैसा पुढे उभा करता येतो, पण चाळीस मालकांत आणि तीन सोसायट्यांत वाटलं गेलेलं रान पुन्हा एक होत नाही.

म्हणूनच कर्ज काढायचं असेल तर ते जमिनीसाठी काढावं, या मताचा मी आहे. कारंज्यासाठी आणि रोषणाईसाठी काढलेलं कर्ज फिटायच्या आत कारंजं बंद पडलेलं असतं. जमीन मात्र कर्ज फिटल्यावरही शहराकडे राहते.

रोख मोबदला हा एकच मार्ग नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये तीन वाटा दिल्या आहेत: सामोपचाराने खरेदी, मोबदल्याऐवजी एफएसआय (मालकाच्या उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (प्रमाणपत्राच्या रूपात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), आणि सक्तीचं संपादन. टीडीआर मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आला, नंतर राज्यभर पसरला. २०१६ च्या धोरणानुसार विरळ वस्तीच्या भागात जमिनीच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर देता येतो. कागदावर हे महापालिकेला फुकट पडतं, त्यामुळे प्रशासनाला ते फार आवडतं. माझा सावधगिरीचा सल्ला असा की टीडीआर तिथेच चालतो जिथे तो विकत घेणारे बांधकाम व्यावसायिक आहेत. मध्यम आकाराच्या शहरात गिऱ्हाईक नसतं आणि प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं. दीड एकरवाल्या शेतकऱ्याला या प्रमाणपत्राचा बाजार माहीत नसतो. दलाल येतो, मिळेल त्या भावात घेऊन जातो, आणि गावात महापालिकेचं नाव खराब होतं. टीडीआर द्यायचाच असेल तर गावात बैठक घेऊन तो कसा विकतात, सध्या काय भाव चालू आहे, हे अधिकाऱ्यांनी समोर बसून सांगायला हवं. रोख आणि टीडीआर यांतली निवड खरोखर मालकाच्या हातात राहायला हवी.

मोबदला अपुरा ठेवला तर काय होतं, याचं उदाहरण पुण्याच्या टेकड्या आहेत. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांच्या आराखड्यात साडेनऊशे हेक्टरांहून जास्त टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. हेतू अतिशय चांगला होता. २०१५ मध्ये शासनाने त्यासाठी ८ टक्के टीडीआर ठरवला, म्हणजे १०० चौरस मीटर जमिनीला ८ चौरस मीटर. इतर आरक्षणांच्या मानाने हे इतकं कमी होतं की मालक पुढे आले नाहीत, आणि बहुतेक टेकड्या आजही ताब्याबाहेर आहेत. टेकडीवर बांधकाम होऊ नये, हे मला मनापासून पटतं. पण सगळ्या शहराच्या हवेची किंमत थोड्या कुटुंबांनी सोसावी, ही अपेक्षा टिकत नाही. न्यायालयातही नाही आणि गावातही नाही.

मला स्वतःला सर्वांत पटणारी वाट नगररचना योजनेची आहे, जिला लोक टीपी स्कीम म्हणतात. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, बागा, शाळा यांच्या जागा काढायच्या आणि प्रत्येकाला लहान पण नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. बोजा सगळ्यांवर सारखा पडतो. ज्याच्या शेतावर हिरवा रंग आला तो बुडाला आणि शेजारी श्रीमंत झाला, असं होत नाही. आपल्याकडे याचा कायदा १९१५ पासून आहे, पण पुढे आपण ही पद्धत जवळजवळ सोडून दिली. गुजरातने ती चालू ठेवली. तिथल्या कायद्यात योजनेतल्या जमिनीपैकी १५ टक्क्यांपर्यंत रस्त्यांसाठी आणि ५ टक्क्यांपर्यंत उद्यानं, मैदानं व मोकळ्या जागांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या नव्या गावांत अशी योजना शक्य असेल तर खरेदीच्या आधी तिचा विचार व्हायला हवा.

मोकळी जागा आधी आणि वस्ती नंतर, हा क्रम आपल्याला नवा नाही. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची वस्ती आखताना बागांच्या जागा आधीच धरल्या गेल्या. शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुलं झालं तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ मध्ये आजचं नाव मिळालं. त्याच्या कडेच्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या आहेत. आज तेवढं मैदान त्या भागात विकत घेण्याचा विचार तरी कुणी करू शकेल का?

आता जागा कशी निवडायची ते बघू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेचा निकष आहे. हा आकडा गाठण्यासाठी आराखडा करणारे शंभर ठिकाणी छोटे तुकडे दाखवतात. बेरीज जमते, बाग जमत नाही. एक मोठी सलग जागा आणि वस्तीत चालत जाता येतील अशा काही मध्यम जागा, ही मांडणी मी सुचवेन. खासगी जमिनीचे प्लॉट पाडताना ले-आउटमध्ये सोडाव्या लागणाऱ्या १० टक्के मोकळ्या जागेवर विसंबू नका. ती त्या भूखंडधारकांची असते आणि बाहेरच्या मुलांना तिथे खेळू देतातच असं नाही.

नाल्याच्या आणि ओढ्याच्या काठची जमीन उद्यानाला चांगली. पाणी मुरतं, झाडं तगतात, आणि सलग हिरवा पट्टा तयार होतो. पण पाटबंधारे खात्याची पूररेषा तपासून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जमीन स्वस्त मिळते म्हणून सगळंच उद्यान तिथे ढकललं, तर ऐन पावसाळ्यात मुलांना मैदान उरत नाही. थोडी जमीन रेषेच्या आत, थोडी उंचावर, अशी घ्यावी. शेतात विहीर असेल तर ती व्यवहारात धरावी. पुढे टँकरचा खर्च वाचतो. बांधावरचे आंबे, चिंचा, वड यांची मोजणी नकाशावर करून घ्यावी, नाहीतर ताबा घेईपर्यंत ती झाडं तुटलेली असतात. उच्चदाब वाहिनीखालची, खाणीच्या खड्ड्याची, जायला वाट नसलेली जमीन कुणी फुकट देऊ केली तरी आधी जागेवर जाऊन बघा.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, पण काही गोष्टी सोडवत नाहीत. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांत कुळाची किंवा वारसांची नोंद आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी), वतनाची किंवा देवस्थानची आहे का, हे आधी बघायचं. मोजणी होऊन हद्दीचे दगड बसल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि गटाचा काही भागच घेतला असेल तर कमी-जास्त पत्रक (क्षेत्राच्या विभागणीची नोंद) होऊन महापालिकेच्या नावाचा स्वतंत्र सातबारा निघेपर्यंत काम संपलं असं मानू नये. पैसे दिले, ताबा पावती झाली, पण फेरफार राहिला आणि पुढच्या पिढीने तीच जमीन पुन्हा विकली, अशी प्रकरणं चालवून मी थकलो आहे.

ताब्याचं महत्त्व किती, हे मुंबईत दिसतं. उद्यान आणि मैदानांसाठी राखलेल्या, पण वेळेत मोकळ्या न ठेवलेल्या कितीतरी जागांवर वस्त्या झाल्या. तिथल्या माणसांना घर हवंच, त्यांना मी दोष देत नाही. अशा जागांवर पुनर्वसन योजना करताना ३५ टक्के जमीन मोकळी ठेवावी, अशी तरतूद नियमावलीत आली आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. याचा सरळ अर्थ असा की त्या आरक्षणांतली ६५ टक्क्यांपर्यंत जमीन शहराच्या हातून कायमची जाऊ शकते.

मग घेतलेली जमीन बाग होईपर्यंत कशी राखायची? टीडीआर देताना मालकाकडून जमीन सपाट करून, कुंपणभिंत आणि फाटक घालून घेण्याची अट असते; ती कागदावर सोडू नये. रोख खरेदीत कुंपणाचा खर्च पहिल्याच वर्षी धरावा. मोठा फलक लावावा, त्यावर गट नंबर आणि क्षेत्र लिहावं. जागा वापरात ठेवावी: रोपवाटिका, पालापाचोळ्याचं खत, सकाळी फिरायला मुरुमाची वाट, मुलांना क्रिकेट. त्याच शेतकऱ्याला हंगामापुरतं पीक घेऊ द्यायचं असेल तर करार लेखी आणि मुदतीचा असावा, आणि पीकपाहणीत काय नोंद होते यावर दरवर्षी लक्ष असावं. रिकामी, निनावी जमीन राडारोड्याच्या गाड्यांना लगेच सापडते.

आणि झाडं लावावीत, पहिल्याच पावसाळ्यात. माझ्या दृष्टीने जमीन लवकर घेण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. उद्यानात सगळ्यात महाग वस्तू सावली असते आणि ती कुठल्याही निविदेतून मिळत नाही. आज कडेने वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा लावले आणि तीन उन्हाळे जगवले, तर दहा वर्षांनी बागेसाठी पैसे येतील तेव्हा बाग निम्मी तयार असेल. त्याला लागतात कुंपण, पाणी आणि एक माळी.

जुन्या बागांच्या दुर्दशेचा मुद्दा मी हलका करत नाही. दिवे लागायलाच हवेत. पण देखभालीचा खर्च दरवर्षीच्या महसुली तरतुदीतून होतो आणि जमीन भांडवली खर्चातून घेतली जाते. जमीन न घेतल्याने वाचलेला पैसा बागेतल्या दिव्यांकडे वळल्याचं मला फारसं दिसलं नाही. तो पुलांकडे आणि काँक्रीटकडे गेला. उपाय म्हणजे दोन्हींसाठी वेगवेगळा, दुसरीकडे न वळवता येणारा निधी. बांधकाम परवानगीबरोबर वसूल होणारं विकास शुल्क सार्वजनिक सुविधांसाठीच असतं. नव्या गावांतून येणाऱ्या शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच गावांतल्या उद्यान-जमिनींसाठी राखण्याचा ठराव महासभा करू शकते. अमेरिकेतल्या बोल्डर शहराने १९६७ मध्ये मतदान घेऊन मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी ०.४ टक्के वेगळा विक्रीकर लावून घेतला. लोकांनी स्वतः कर मागून घेतला, कारण तो कशासाठी आहे हे त्यांना माहीत होतं.

ज्यांच्या जमिनी जाणार आहेत त्यांच्याबद्दल एक सांगायलाच हवं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं कौतुक सगळे करतात. त्या जागेवरची सेनेका व्हिलेज ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, स्वतःच्या मालकीची घरं असलेली वस्ती १८५७ पर्यंत उठवली गेली, हे फार उशिरा सांगितलं जाऊ लागलं. आपण तरी गावठाण, घरं, विहिरीवर पोसलेली बागायत टाळून जागा निवडाव्यात. एकाच कुटुंबाची सगळी जमीन घेऊ नये. उरलेला तुकडा कसण्याजोगा राहत नसेल तर तोही योग्य भावाने घ्यावा. पैसे एकरकमी आणि ठरल्या दिवशी द्यावेत. तारखेला पैसे मिळाल्याची बातमी शेजारच्या गावात पोहोचली की पुढची बोलणी निम्मी सोपी होतात.

घेतलेली जमीन उद्या दुसऱ्याच कामाला वापरली जाईल, ही भीतीही रास्त आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करून आरक्षण बदलता येतं. त्यावर हरकत घेण्याचा हक्क मात्र कोणत्याही नागरिकाला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्ट प्रकरणात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द ठरवताना परिसरातल्या रहिवाशांचा दाद मागण्याचा अधिकार मान्य केला आहे. खरेदीच्या ठरावातच ‘फक्त सार्वजनिक उद्यानासाठी’ असा उल्लेख करून घ्या. पुढे तो कामाला येतो.

तुम्ही आत्ता एक अर्ज करा. माहिती अधिकारात उद्यान आणि मैदानाच्या सगळ्या आरक्षणांची यादी मागा: गट नंबर, क्षेत्र, आराखडा अमलात आल्याची तारीख, १० वर्षं पूर्ण होण्याची तारीख, ताबा मिळाला का, कलम १२७ ची सूचना आली का आणि आली असल्यास कोणत्या दिवशी. ज्या जागांच्या २४ महिन्यांची मुदत चालू आहे त्यांच्यासाठी आधी तरतूद मागा, आणि ते पत्र आयुक्त, स्थायी समिती आणि तुमच्या प्रभागाचे नगरसेवक अशा तिघांना द्या, पोच घेऊन.